नागपूरहून पुण्यात येतोय, ऑफिसं दोन टोकांना. भाड्याचं घर कुठे बघावं?

रेवती_धरमपेठ

नमस्कार मंडळी. येत्या मे महिन्यात आम्ही नागपूर सोडून पुण्याला येतोय. मला हिंजवडी आयटी पार्कच्या फेज तीनमध्ये नोकरी मिळाली आहे. आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला जावं लागेल, वेळ साडेदहा ते साडेसात. नवरा सरकारी बँकेत आहे, त्याची बदली कॅम्पातल्या शाखेत झाली. त्याला रोज पावणेदहाला जागेवर असायला हवं. मुलगी पाचवीत जाईल, आत्ता स्टेट बोर्ड, सेमी इंग्रजी. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. गुडघे दुखतात, पण सकाळ-संध्याकाळ घराबाहेर पडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. लग्न होऊन आल्यापासून त्या धरमपेठेत राहिल्या. गोकुळपेठेतली भाजी, ट्रॅफिक पार्कपर्यंतचा फेरफटका, वाटेत चार ओळखीची माणसं, एवढ्यावर त्यांचा दिवस उभा आहे.

पुणे आम्हाला लग्नकार्यापुरतं माहीत. म्हणजे स्टेशन, लक्ष्मी रोड आणि तुळशीबाग. नवीन ऑफिसातले सगळे वाकड म्हणतात, नणंद कोथरूडच म्हणते, आणि घरांच्या साइटवर प्रत्येक फ्लॅट 'हिंजवडीपासून १५ मिनिटं' आहे. दोन बेडरूम हवेत, भाडं आणि मेंटेनन्स धरून ३५ हजारांपर्यंत. एक कार, एक स्कूटी. विकत घ्यायचं आत्ता डोक्यात नाही. सुरुवात कुठून करू?

सह्यरंग

आधी हिंजवडी नीट समजून घ्या. तिथे एक ऑफिस आणि दुसरं ऑफिस यांत फार फरक पडतो. वाकडच्या पुलाखालून तुम्ही शिवाजी चौकात येता, मग फेज एक, मग फेज दोन, आणि माणच्या बाजूला अगदी आत फेज तीन. 'वाकडहून हिंजवडी जवळ' हे फेज एकवाल्यांसाठी खरं आहे. तुमचा निम्मा वेळ शिवाजी चौकाच्या पुढे जाणार. भूमकर चौक, भुजबळ चौक, वाकड पूल ही नावं तुम्ही पुण्यात आल्यावर रोज ऐकाल, सगळी तुंबण्याच्या संदर्भात. पावसात रस्त्यावर पाणी साचलं की काही बोलायलाच नको.

दुसरी बाजू म्हणजे बाणेर-बालेवाडीकडून म्हाळुंगे, तिथून मुळा ओलांडून माण. फेज तीनला जाणारे बरेच जण सूस-नांदे-माण असेही जातात. रस्ता अरुंद आहे, मोठी वाहनं असतात, पण हायवेवरची कोंडी टळते. तुम्ही फेज तीनच्या आहात म्हणून हा मागचा दरवाजा लक्षात ठेवा.

गुगल मॅपवर आत्ताचं अंतर बघू नका. मंगळवार किंवा बुधवार, निघायची वेळ सकाळी सव्वानऊ, असं टाकून बघा. मग परतीचं पावणेआठ टाका. ते दोन आकडे कागदावर लिहा, साइटवरची १५ मिनिटं विसरा.

कोड_कट्टा

माझं सरळ मत आहे, ऑफिसच्या जवळ राहा. माण-मारुंजी भागात चांगल्या सोसायट्या आहेत, भाडं तुमच्या बजेटमध्ये बसतं, आत बाग, दुकानं, खेळायला जागा सगळं असतं. रोजचे दोन-अडीच तास रस्त्यात गेले तर मुलीला आई भेटणार कधी?

मुक्काम_कर्वेनगर

रेवतीताई, मी सोलापूरहून सासू-सासऱ्यांना घेऊन पुण्यात आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या जोरावर थोडं सविस्तर लिहिते.

घर शोधताना सगळे नोकरी करणाऱ्याच्या ऑफिसपासून अंतर मोजतात. मी उलटीकडून मोजायला सांगेन. घरात सगळ्यात कमी हिंडू-फिरू शकणारं माणूस कोण? तुमच्याकडे सासूबाई. त्यानंतर मुलगी. तुम्ही दोघं गाडी काढू शकता, बस धरू शकता, रिक्षा बोलावू शकता, वेळ पडली तर घरून काम करू शकता. सासूबाईंकडे फक्त त्यांचे पाय आहेत आणि तेही दुखरे. घराच्या दारापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत जे आहे तेवढंच त्यांचं पुणे. त्या अर्ध्या किलोमीटरात भाजीवाला, देऊळ, बसायला बाक, औषधाचं दुकान आणि बोलायला त्यांच्या वयाचं माणूस असेल तर त्या इथे रुजतील. नसेल तर दिवसभर गॅलरीत बसून तुमची वाट बघतील, आणि सहा महिन्यांत 'मला नागपूरला सोडून ये' सुरू होईल. माझ्या ओळखीच्या दोन घरांत हेच झालं. फ्लॅट उत्तम, विसाव्या मजल्यावरून डोंगर दिसायचा, पण गेटबाहेर हायवेचा सर्व्हिस रोड. पदपथ नाही, ओलांडायला जागा नाही. म्हाताऱ्या माणसाने जायचं कुठे?

म्हणून माझं मत कोथरूड. मयूर कॉलनी, आयडियल कॉलनी, डहाणूकर कॉलनी या भागात आतले रस्ते सावलीचे आहेत, थोरात उद्यान आहे, दशभुजा गणपती, मृत्युंजयेश्वर आहे. ज्येष्ठ नागरिक संघ नुसते पाटीपुरते नाहीत, त्यांच्या बैठका, व्याख्यानं, वाढदिवस सगळं चालतं. नव्याने आलेली बाई आठ दिवसांत कुणाच्या तरी ओळखीची होते.

पण एक मोठी अडचण आधीच सांगते. इथल्या जुन्या इमारती तीन मजली आणि बिनालिफ्टच्या आहेत. एजंट फोनवर 'फक्त दुसरा मजला' म्हणेल. गुडघेदुखीला दुसरा मजला म्हणजे रोज चाळीसेक पायऱ्या उतरून चढणं. पहिल्या फोनला पहिला प्रश्न लिफ्टचा विचारा.

कोड_कट्टा

काकू, मुद्दा पटतो, पण कोथरूड ते फेज तीन सोपं नाही. तीन दिवस का होईना, ती बाई रात्री नऊला घरात शिरणार. तिच्या तब्येतीचं काय? घरातल्या ज्येष्ठांसाठी कमावत्या बाईने रस्त्यावर अर्धं आयुष्य घालवायचं, हे आपण फार सहज गृहीत धरतो.

मुक्काम_कर्वेनगर

तुमचं म्हणणं वाजवी आहे आणि ते कुणीतरी म्हणायलाच हवं होतं. म्हणून तर मी आठवडा मोजते. सासूबाई सातही दिवस घरी. मुलगी सहा दिवस शाळेत आणि रोज संध्याकाळी खाली खेळायला. नवरा रोज कॅम्पात. रेवतीताई तीन दिवस हिंजवडीत. हेच ऑफिस पाच दिवसांचं असतं तर मीही बाणेरच्या पलीकडे जाऊ नका म्हटलं असतं.

रेवती_धरमपेठ

दोघांचंही पटतंय, म्हणूनच धागा काढला. नवऱ्याने तुमचे प्रतिसाद वाचून विचारलंय, कोथरूडहून कॅम्प कसं? त्याला गाडी चालवायची नाही.

सह्यरंग

त्यांच्यासाठी तर कोथरूड फारच सोयीचं. वनाज ते रामवाडी ही मेट्रो कोथरूडमधूनच निघते: वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप. पुढे डेक्कन, मनपा, सिव्हिल कोर्ट आणि पुणे स्टेशन. स्टेशनला किंवा पुढच्या रूबी हॉलला उतरून कॅम्पात रिक्षाने जाता येतं. २०२२ च्या मार्चमध्ये पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा ती गरवारे कॉलेजपर्यंतच होती. २०२३ च्या ऑगस्टमध्ये रूबी हॉलपर्यंत आणि २०२४ च्या मार्चमध्ये रामवाडीपर्यंत गेली. दुसरी पिंपरी ते स्वारगेट. दोन्ही सिव्हिल कोर्टला भेटतात.

औंधमध्ये राहिलात तर बोपोडी स्थानकापर्यंत रिक्षा, तिथून सिव्हिल कोर्ट, तिथे गाडी बदलून स्टेशन. जमतं, पण दोन बदल आहेत.

तिसरी मार्गिका माण ते शिवाजीनगर, २३ किलोमीटरची. बालेवाडी, बाणेर, विद्यापीठ अशी जाते, म्हणजे तुमच्या ऑफिसच्या बाजूची. तुम्ही याल तेव्हा ती कुठून कुठपर्यंत आणि किती वेळाने धावते ते बघून मगच हिशेबात धरा. 'मेट्रो स्टेशन जवळ' या नावाखाली आजच जास्त भाडं मागणारे भेटतील. रोज चालणारी गाडी असेल तर पैसे द्या.

थेंबे_थेंबे

पाण्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. पुण्यात घर बघताना मी तरी भाड्याच्या आधी पाणी विचारतो.

नुसतं 'पुणे' म्हणून चालत नाही, घर कुठल्या हद्दीत आहे ते बघावं लागतं. वाकड, पिंपळे सौदागर, ताथवडे, पुनावळे, रावेत हे पिंपरी-चिंचवड महापालिकेत. तिथे पाणी पवनेचं, आणि २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड. औंध, बाणेर, बालेवाडी, पाषाण, कोथरूड हे पुणे महापालिकेत, खडकवासला साखळीतलं पाणी: खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. कर महापालिकेचा लागला, पण नळ मागून येतोय, बऱ्याच सोसायट्या टँकरवर आहेत. हिंजवडी, माण, मारुंजी ग्रामपंचायती.

नव्या हद्दीतल्या पाण्याची गंमत समजू नका. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या टोकाला नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गियां-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण मोठ्या संख्येने सापडले आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं. लोक कित्येक आठवडे पाणी उकळून पीत होते.

घर बघायला जाल तेव्हा एजंटला विचारू नका, तो 'चोवीस तास' म्हणतो. त्याच्या दृष्टीने टाकीत पाणी आहे म्हणजे चोवीस तास. हे करा:

वॉचमनला बाजूला घेऊन विचारा, दिवसाला टँकर किती येतात आणि एप्रिल-मेमध्ये किती. तो खरं सांगतो, कारण गेट त्यालाच उघडावं लागतं. लिफ्टजवळचा नोटीस बोर्ड वाचा. 'पाणी सकाळी ६ ते ९ व संध्याकाळी ६ ते ९' असा कागद तिथे असतो, फ्लॅटच्या जाहिरातीत नसतो. बाथरूममध्ये शॉवरची चाळणी आणि नळाचं तोंड हाताने चाचपा. पांढरा खरखरीत थर असेल तर बोअरचं जड पाणी आहे. गीझरची कॉइल जाणार, केस जाणार, डाळ शिजणार नाही. टाइलवर पिवळट ओघळ असतील तेही बघा. आणि सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल मागा. त्यात टँकरचा खर्च वेगळा लावतात का, तो मालक भरणार की तुम्ही, हे आधीच ठरवून घ्या. ३५ हजारांचं बजेट उन्हाळ्यात तिथेच फुटतं.

औंधकर_जुने

वरच्यात एक भर. नदी-ओढ्याजवळचं घर असेल तर पूररेषा विचारा, विशेषतः तळमजला आणि पार्किंग. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी घरांत शिरलं. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याने कात्रज, सहकारनगर, अरण्येश्वर भागात माणसांचे जीव घेतले. आमच्याकडे मुळेकाठी जुन्या सांगवीत दर मोठ्या पावसात लोक सामान वर चढवतात. पार्किंगच्या भिंतीवर पाण्याची रेघ दिसते का बघा. रंग नवा दिला असेल तर खालच्या दुकानदाराला विचारा.

आणि औंधचा विचार नक्की करा. परिहार चौक, सानेवाडी भागात लिफ्टच्या इमारती आहेत, आतले रस्ते चालण्यासारखे आहेत, दवाखाने भरपूर. हिंजवडीला जगताप डेअरीवरूनही जाता येतं आणि बाणेर-बालेवाडीवरूनही. कोथरूडच्या आणि वाकडच्या बरोबर मध्ये आहोत आम्ही.

खडूफळा

शाळेत शिकवते म्हणून फक्त शाळेपुरतं लिहिते, कारण इथे वेळेला महत्त्व आहे.

रेवतीताई, विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. आमच्याकडे स्टेट बोर्डाच्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात आणि सीबीएसईच्या बहुतेक शाळांचं वर्ष एप्रिलमध्येच. म्हणजे नागपूरच्या हिशेबाने 'जूनच्या शेवटी बघू' म्हणालात तर इथे मुलगी दोन आठवडे मागे राहील. पाचवीचा प्रवेश जानेवारी-फेब्रुवारीपासूनच विचारायला लागा. जागा रिकाम्या झाल्यावर भरतात, पण विचारणाऱ्याचं नाव यादीत असावं लागतं.

सेमी इंग्रजी टिकवायचं असेल तर त्याचा घराच्या निवडीवर थेट परिणाम होतो. वाकड, बाणेर, बालेवाडी या नव्या भागांत सीबीएसई आणि आयसीएसईच्या इंग्रजी शाळांचीच गर्दी आहे. सेमीच्या चांगल्या, जुन्या शाळा कोथरूड, कर्वेनगर, डेक्कन, पेठा इथे जास्त. औंधमध्ये आहेत, पण निवड कमी. पाचवीत बोर्ड बदलता येतं, मुलं जुळवून घेतात. पण गाव बदललं, मैत्रिणी सुटल्या आणि त्यात माध्यमही बदललं, असं एकाच जूनमध्ये सगळं नको, असं मला मनापासून वाटतं.

शाळा सोडल्याचा दाखला उन्हाळ्याच्या सुट्टीआधी काढून ठेवा. सुट्टीत ऑफिसात कारकून भेटत नाहीत. दाखल्यावर मुलीचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख आधार कार्डाशी जुळतंय का ते काउंटरवर उभं राहूनच वाचा. एका अक्षराच्या फरकासाठी नागपूरला परत जावं लागतं. सरल आणि यू-डायस या सरकारी ऑनलाइन प्रणालींमधली मुलीची नोंद नव्या शाळेकडे वळवायला जुन्या शाळेने ऑनलाइन मंजुरी द्यावी लागते, तेही त्यांना आधीच सांगून ठेवा.

चंद्रभागा_तीर

थोडा अप्रिय विषय. घरमालक खाण्यापिण्याची चौकशी करतील. 'नॉनव्हेज चालणार नाही' ही अट बऱ्याच जुन्या भागांत तोंडी असते, जाहिरातीत लिहिलेली नसते. आडनाव ऐकून आवाज बदलणारेही भेटतात. हे चूक आहे आणि मला त्याची चीड आहे, पण लहान मुलगी आणि वयस्क माणूस घेऊन येणाऱ्याने टोकन देण्याच्या आधी हे बोलून घ्यावं. लपवून राहिलात तर रोज खिडक्या लावून स्वयंपाक करावा लागतो. असं घर दहा हजार स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. सरळ वागणारे मालकही पुण्यात पुष्कळ आहेत, दोन घरं जास्त बघावी लागतील इतकंच.

रेवती_धरमपेठ

हे लिहिलंत त्याबद्दल आभार. आमच्याकडे रविवारी सावजी होतंच. पहिल्याच फोनवर सांगून टाकीन.

दस्त_नोंद

कराराबद्दल. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार (घर भाड्याने घ्यायचा नेहमीचा करार) लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, अकरा महिन्यांचाही नोंदवावा लागतो. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. खर्च निम्मा-निम्मा करायची पद्धत आहे, ती बोलून ठरवा.

खर्च घाबरण्यासारखा नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात. ३० हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, अकरा महिने, तर मुद्रांक ८५० रुपयांच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. बाकी घरी येऊन अंगठे घेणाऱ्याचे पैसे. कुणी यावर बरेच हजार मागितले तर हिशेब लिहून मागा. नोंदणीकृत प्रत तुमच्याकडेही हवी. शाळा, गॅस, बँक, सगळीकडे तोच पत्त्याचा पुरावा.

तुमच्यासाठी दोन कलमं महत्त्वाची. एक, नोटीस दोन्ही बाजूंनी किमान दोन महिने. शाळेच्या वर्षाच्या मध्यात घर सोडावं लागू नये. दोन, कोथरूड-डेक्कन भागासाठी खास: इमारत पुनर्विकासाला चालली आहे का? सोसायटीने बिल्डर नेमला आहे का, सर्वसाधारण सभेत ठराव झाला आहे का, हे सेक्रेटरीलाच विचारा. मालकाला माहीत असूनही तो बोलत नाही, कारण तेवढ्या महिन्यांचं भाडं त्याला हवं असतं. पार्किंग कोणतं, किती, आच्छादित की उघडं, तेही करारात लिहा. कार आणि स्कूटी दोन्ही आहे म्हणालात ना.

सोसायटी भाडेकरू ठेवला म्हणून मालकाकडून सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच जादा आकार घेऊ शकते. तो तुमच्या माथी मारू देऊ नका. घर ताब्यात घेताना भिंती, नळ, पंखे यांचा व्हिडिओ काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा. डिपॉझिट परत घेताना रंगाच्या नावाखाली जी कापाकापी होते, ती तिथेच थांबते.

सूसखिंड

कुणी कंपनीच्या बसबद्दल विचारलं का? हिंजवडीतल्या मोठ्या कंपन्यांच्या बस किंवा कॅब ठरलेल्या मार्गांवरून फिरतात. एचआरकडून मार्गांची यादी आणि थांब्यांच्या वेळा मागवा. घर बघायच्या आधी. थांबा घरापासून चालत दहा मिनिटांत असेल तर अंतर किती याला फारसा अर्थ राहत नाही, बसमध्ये माणूस झोपतो किंवा वाचतो. चांदणी चौकातला नवा पूल २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाल्यापासून कोथरूड-बावधनकडून हायवेला लागणं पुष्कळ सुधारलं आहे. पुढे वाकडला काय होतं ते वर सांगितलंच आहे.

मी स्वतः पाषाणला राहतो, फेज तीनला सूस-नांदेवरून जातो. तुम्ही पाषाणही बघावं. शांत आहे, कोथरूडपेक्षा तुमच्या ऑफिसला जवळ. पण काकूंचा अर्धा किलोमीटरचा हिशेब लावला तर सगळ्या गल्ल्या पास होणार नाहीत. काही सोसायट्यांमधून भाजीलाही स्कूटी काढावी लागते.

इंद्रायणी_काठ

आलात की घर बघायचा दिवस रविवार ठेवू नका. रविवारी सगळं पुणे छान दिसतं. कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता त्या घराच्या गेटसमोर उभ्या राहा. आवाज, धूर, डबल पार्किंग, रस्त्यावरचे दिवे, सगळं कळतं. सासूबाईंना शक्य असेल तर बरोबर आणा.

रेवती_धरमपेठ

येऊन गेलो! सासूबाईंनाही घेऊन आलो. शुक्रवार धरून आलो होतो, म्हणजे कामाच्या दिवसाची संध्याकाळही बघता आली. जमेल तसं लिहिते.

कोड_कट्टा, तुमच्या मतासाठी माणला आधी गेलो. सोसायटी खरंच सुंदर, आत सगळं आहे. ऑफिस हाकेच्या अंतरावर. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण नवऱ्याने तिथून कॅम्पचा रस्ता धरून पाहिला आणि तो तिथेच गप्प झाला. सासूबाईंनी गेटबाहेर दोन्ही बाजूंना बघून विचारलं, 'इथून पायी कुठे जातात लोक?' वॉचमनकडे उत्तर नव्हतं.

औंधचं घर सगळ्यांना आवडलं. लिफ्ट, मोठी बाल्कनी, खाली भाजी. तिथे थेंबे_थेंबे यांनी सांगितलेलं केलं. शॉवरची चाळणी हाताला खरवडली, अर्धी भोकं बंद होती. नोटीस बोर्डावर टँकरच्या वाढीव वर्गणीचा कागद होता. मालक म्हणाले ती वर्गणी भाडेकरूने भरायची. सेमीची शाळा त्या बाजूला मनासारखी मिळाली नाही.

कोथरूडमध्ये पहिलं घर बिनालिफ्टचं निघालं, फोनवर 'लिफ्ट होतेय' सांगितलं होतं. दुसऱ्यात सेक्रेटरींना विचारलं तर पुनर्विकासाची सभा पुढच्याच महिन्यात. तिसरं आयडियल कॉलनीच्या बाजूचं, लिफ्ट आहे, महापालिकेचं पाणी सकाळी भरपूर येतं, इमारत तुलनेने नवी आहे. मेट्रो चालत सात-आठ मिनिटं. शाळेत जाऊन आलो, नाव नोंदवलंय. माझ्या कंपनीची बस पौड रस्त्यावर थांबते, सकाळी नऊला. परतीची बस आठला निघते, म्हणजे तीन दिवस मला घरी यायला साडेनऊ होतील. हे मला सोपं वाटत नाही, आणि सोपं आहे असं मी म्हणणारही नाही. नवऱ्याशी बोलून ठरवलंय की त्या तीन संध्याकाळी स्वयंपाक आणि अभ्यास त्याच्याकडे. तो मेट्रोने सातपर्यंत घरी येईल.

भाडं २९ हजार, मेंटेनन्स मालकांकडे. सावजीचं पहिल्याच फोनवर सांगितलं. मालकीणबाई हसून म्हणाल्या, 'मग एक वाटी वर पाठवत जा.' टोकन दिलं.

मुक्काम_कर्वेनगर

वा! सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आल्या की आमच्या संघात घेऊन येते त्यांना, मंगळवारी भजन असतं.

कोड_कट्टा

अभिनंदन. माझं मत थोडं कायम आहे, साडेनऊ खूप उशीर आहे. ऑफिसात वेळ बदलून मिळते का बघा. आमच्या टीममध्ये दोघी आठ ते पाच करतात, त्या वेळेला रस्ता जवळपास मोकळा असतो. रुजू होण्याआधी मागितलं तर मिळण्याची शक्यता जास्त, नंतर मॅनेजर टाळतात.

रेवती_धरमपेठ

हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच मेल करते. मुलगी साडेसहाला उठतेच, मी त्याआधी डबा करून निघू शकेन.

दस्त_नोंद

टोकन दिलंत तर पावती घ्या. रक्कम, तारीख, करार कधीपर्यंत होणार आणि मालकाकडून व्यवहार फिरला तर टोकन परत, एवढं व्हॉट्सअॅपवर का होईना, मालकाकडून लिहून घ्या. एजंटच्या नंबरवरून आलेला मेसेज धरू नका.

खडूफळा

आणि दाखला! मार्चमध्येच अर्ज द्या. आईचं नाव आधारवर आणि शाळेच्या रजिस्टरवर सारखं आहे का, ते आजच बघून ठेवा.